इतर मान्यवर

पनवेलच्या खांदा कॉलनीत लग्नसराई सुरू झाल्याचं आधी कानाला कळतं. समोरच्या मैदानात टेम्पो उभा राहतो, मंडपाचे लोखंडी पाइप एकमेकांवर आपटत खाली उतरतात, आणि उन्हं कलली की कुणीतरी माइकवर बोटानं टकटक करून म्हणतं, हॅलो, हॅलो, चेक. गुलमोहर त्याच्या आधीच फुललेला असतो, पण तिकडे लक्ष जात नाही. टकटकीनंतर जो आवाज येतो तो कुणाचा, हे मी अजूनही हातातलं काम थांबवून ऐकतो. कुणी नवखा असला, नावं अडखळत घेत असला, तर बरं वाटतं. असं बरं वाटणं चांगलं नाही हे कळतं. तरी वाटतं.

या भागात लग्नाला निवेदक लागतो. आगरी-कोळ्यांच्या लग्नात तर भटजीइतकाच. मंडपात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, गाव, नातं माइकवरून घ्यायचं आणि यजमानांच्या वतीनं त्याचं स्वागत करायचं, हे त्याचं काम. पत्रिकेत नाव छापून आलं तरी ते मंडपात कानावर पडल्याशिवाय माणूस आल्यासारखा वाटत नाही. नाव घेतलं जाईपर्यंत पाहुणा कमानीपाशी उगाच रेंगाळतो, रुमालानं मान पुसतो, चपला नीट लावतो. नाव झालं की आत येतो.

हे सगळं मी शिकलो ते दोन हजार नऊ सालच्या लग्नसराईत. त्या वर्षीचे चैत्र-वैशाख मला तपशिलानं आठवतात, कारण आठवण्याशिवाय आणि ऐकण्याशिवाय मला तेव्हा दुसरं काम नव्हतं.

त्याआधी मी एका दैनिकाच्या पनवेल कार्यालयात उपसंपादक होतो. टपाल नाक्याजवळ, कापडाच्या दुकानावर, दोन खोल्या. खालून कोऱ्या कापडाच्या खळीचा वास यायचा आणि वर तापलेल्या संगणकांचा. मंदीचं वर्ष होतं. आधी पुरवणीची पानं कमी झाली, मग चहा बंद झाला, आणि थंडी संपता संपता मुख्य कार्यालयातून आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं की जिल्ह्याची पानं यापुढे तिकडेच लागतील, इथल्या डेस्कची गरज उरलेली नाही. ते सभ्यपणे बोलले. तुमच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही, असं त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून सांगितलं. मी सवयीनं ते वाक्य मनातल्या मनात तपासलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

दिलीपचंही काम त्याच दिवशी गेलं. दिलीप नेरे गावाच्या बाजूचा, डोंगराखालच्या गावांतून आमच्यासाठी बातम्या आणणारा. समाजमंदिराच्या भूमिपूजनाची बातमी त्यानं लिहिली की पहिल्या दोन ओळींत भूमिपूजन उरकायचं आणि नावं सुरू व्हायची. सरपंच, माजी सरपंच, पोलीस पाटील, मंडळाचे अध्यक्ष, ज्यांच्या शेतात गाड्या लावल्या ते, ज्यांनी पाण्याचा टँकर दिला ते. मी तिसऱ्या नावानंतर लाल रेघ ओढायचो आणि लिहायचो, ‘आणि इतर मान्यवर उपस्थित होते’. दिलीप टेबलाशी उभा राहून बघायचा. ‘साहेब, तेवढे टँकरवाले राहू द्या, त्यांच्या घरी आपलाच पेपर येतो,’ एवढंच म्हणायचा. एखाद्या दिवशी टँकरवाले राहायचे, बहुतेक दिवशी जायचे. जागा मोजकी असते आणि नावांना अंत नसतो. डेस्कचं काम तेच होतं आणि ते मला चांगलं यायचं.

माझं शिक्षण बारावी. पुढे कॉलेजात नाव घातलं होतं, पण वडील आजारी पडले आणि मी मुद्रितशोधक म्हणून कामाला लागलो. तिथून डेस्कवर. त्या काळी ऱ्हस्वदीर्घ नीट असणाऱ्याला पदवी विचारत नसत. काम सुटल्यावर मात्र पहिला प्रश्न तोच. खारघरच्या एका शिक्षणसंस्थेला मराठी मजकूर तपासणारा माणूस हवा होता. तिथल्या मुलीनं माझी कात्रणं पाहिली, चांगली आहेत म्हणाली, आणि संगणकावर माझी माहिती भरायला बसली. पदवीच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला. ‘सर, हे रिकामं ठेवलं तर पुढचं पान उघडतच नाही,’ ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं असावं. तिनं दोनदा प्रयत्न करून पाहिला. पान उघडलं नाही. बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर डांबर वितळत होतं आणि चपलेला चिकटत होतं.

अशा चार-दोन ठिकाणी जाऊन आल्यावर मी दुपारी घरी बसू लागलो. सुनंदा, माझी बायको, शिवणाच्या मशीनवर पाठ करून बसायची. आमच्यात भांडण नव्हतं, पण मशीन थांबलं की दोघांनाही बोलावं लागेल म्हणून ते थांबत नसे. खिडकीतून वारा यायचा आणि वाऱ्याबरोबर आसूडगावाकडचे स्पीकर. हळदीची गाणी, मध्ये खरखर, मग निवेदक. त्या आवाजानं एके दिवशी सांगितलं की मंडपात नवऱ्या मुलाच्या धाकट्या आत्या आणि त्यांचे यजमान, दानशूर व्यक्तिमत्त्व, यांचं आगमन झालेलं आहे. मी उठून खिडकीशी गेलो. आवाज दिलीपचा होता.

भातं कापली गेली की रिकाम्या शेतांत क्रिकेटचे सामने भरतात. तिथे दिलीप हौसेखातर समालोचन करायचा, हे आम्हाला ऑफिसात माहीत होतं. त्याची थट्टाही व्हायची. काम गेल्यावर आठवड्याभरातच कुणा मित्राच्या बहिणीच्या लग्नात त्याच्या हाती माइक आला, तिथून दुसऱ्या लग्नाचं आमंत्रण मिळालं, दुसऱ्यातून तिसऱ्या-चौथ्याचं. तो कुठेही अर्ज करायला गेला नाही. नोकरी गेल्याचं दुःख करायलासुद्धा त्याला सवड झाली नाही, असं मला वाटलं. हेवा सुरू झाला तो तिथून.

मराठीत या भावनेला शब्द पुष्कळ आहेत. हेवा त्यातल्या त्यात सौम्य. शेजाऱ्याच्या अंगणातल्या मोगऱ्याचाही वाटू शकतो. माझं जे होतं ते अधिक कोरडं होतं. दिलीपची लांबलचक वाक्यं मला खिडकीतून ऐकू यायची आणि माझा उजवा हात नकळत रेघ ओढायचा. ‘आगमन झालेलं आहे’ म्हणजे ‘आले’. ‘दानशूर व्यक्तिमत्त्व’ म्हणजे काहीच नाही. एवढ्या चुका करून माणूस लोकांचा लाडका होत होता. त्यानं कुणाला ‘युवा उद्योजक’ केलं, कुणाला ‘क्रिकेटप्रेमी’, आणि ज्याला लावायला काहीच सापडलं नाही त्याला ‘आपला माणूस’. बाजारात त्याच्याबरोबर गेलो तर दर दुकानात ‘दिलीपभाऊ’. म्हाताऱ्या बायका त्याचा हात धरून ठेवायच्या, तोंडावरून हात फिरवायच्या. एका घरी तर त्याच्या घशासाठी म्हणून हळद घालून दूध आलं, आणि मी शेजारी उभा असल्यामुळे मला नुसता चहा.

पदवी त्याच्याकडेही नव्हती. तो दहावीला दोनदा बसला होता. फरक एवढाच होता की माझ्याकडे पदवी नाही हे मी दिवसातून अनेकदा आठवायचो, आणि त्याच्याकडे नाही हे त्याच्या लक्षातही नव्हतं. मला हेवा त्याच्या कमाईपेक्षा या विसरण्याचा होता.

आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. जेवताना ती लाटणं तोंडापुढे धरून म्हणायची, ‘स्वयंपाकघरात आत्ताच आगमन झालेलं आहे आमच्या मातोश्रींचं.’ सुनंदा हसायची. कितीतरी दिवसांनी हसायची. मी मुलीला सांगितलं की ‘आमच्या आई आल्या’ एवढं पुरतं. तिनं लाटणं खाली ठेवलं.

वैशाखात एका दिवशी दिलीपकडे दोन लग्नं आली, मुहूर्त जवळजवळ. एक वाजे गावचं, एक नेऱ्याचं. त्यानं मला विचारलं, ‘साहेब, नेऱ्याचा तुमी बघता? तुमचा आवाज तर चांगला हाय.’ काम सुटलं तरी तो मला साहेबच म्हणायचा. मी विचार करून सांगतो, असं म्हणालो. खरं म्हणजे उत्तर आधीच तयार होतं. याला जमतं तर मला जास्त चांगलं जमेल, हे मी त्याच्या तोंडावर म्हणालो नाही इतकंच. हे जमलं तर काम आहे, माझं स्वतःचं, पदवी न विचारणारं, आणि लग्नसराई अजून बरीच उरली आहे, हा हिशेब सुनंदानंही मनात केला असावा. तिनं माझ्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली, कॉलर पुन्हा केली.

नेऱ्याचा तो मंडप डोळ्यांपुढून हलत नाही. भाताच्या खोडक्यांवर ताडपत्री टाकलेली, पायाखाली ती करकरायची. मागे डोंगर उन्हानं पांढुरका झालेला. एकीकडे जनरेटरचा डिझेलचा वास आणि दुसरीकडे चुलाणावर शिजणाऱ्या वालांचा. दोन्ही मिसळून तिसराच काहीतरी वास तयार झाला होता. साउंड रफिकभाईंचा. ते पनवेलचेच, कोकणी मुसलमान. भाऊ आखातात गेले आणि हे स्पीकर सांभाळत इथे राहिले. त्यांनी माझा आवाज तपासून अंगठा वर केला.

सुरुवात नीट झाली. उच्चार स्वच्छ, वाक्यं आखूड. कोण आले, कुठून आले, मुलीचे कोण लागतात. लोक ऐकत होते की नाही हे सांगता येत नाही, पण कुणाची तक्रार नव्हती. मग मुहूर्त जवळ आला. भटजींनी हातानं खूण केली की आवरा. नेमकी त्याच वेळी उरणहून मुलीच्या आजोळची बस आली आणि करंजा गावची सगळी मंडळी एकदम कमानीतून आत शिरली. नावं कानावर आली तशी मी घेतली, जे आधी शिरले ते आधी. तिसरं नाव झालं. भटजींनी पुन्हा खूण केली. आणि मी शांत, स्पष्ट आवाजात म्हणालो, ‘आणि इतर मान्यवर. सर्वांचं स्वागत.’

मुलीच्या थोरल्या मामांचे गुडघे दुखायचे. ते बसमधून शेवटी उतरले होते आणि शेवटी कमानीपाशी पोचले होते. वय झालेलं, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. ते कमानीतच थांबले. त्यांनी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘आमी इतर?’ ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मग शेजारी धावत आलेल्या मुलीच्या वडिलांना म्हणाले, ‘दाजी, गाडीत जागा हाय. आमी जातो.’

आणि ते वळले. त्यांच्या मागे करंज्याची सगळी बस वळली. ज्यांची नावं मी घेतली होती तेही.

मुलीला मंडपात घेऊन यायचं ते मामानं. मामा नाही तर मुलगी बोहल्यावर यायची कशी, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुलीची आई भावाच्या मागे रस्त्यापर्यंत गेली. भटजी घड्याळाकडे बघत होते. माझ्यावर कुणी ओरडलं नाही. कुणीतरी म्हणालं, ‘पेपरवाला हाय तो,’ आणि तेवढ्यानं सगळ्यांना सगळं समजलं. मी माइकवर दिलगिरीचं एक वाक्य बोलून पाहिलं. वाक्य बरोबर होतं. वळून कुणी पाहिलं नाही.

रफिकभाईंनी दिलीपला फोन लावला होता. वाज्याच्या अक्षता नुकत्याच पडल्या होत्या. तो मोटरसायकलवर तसाच आला, अंगावरच्या जरीच्या कुर्त्यावर रस्त्याची लाल धूळ. त्यानं माझ्या हातातून माइक घेतला, स्टेजवर न जाता कमानीबाहेर आला, वायर पुरेल तिथपर्यंत. आणि सामन्याला सुरुवात करावी तशी सुरुवात केली.

‘मंडळी, करंज्याचे थोरले मामा आता गाडीपाशी उभे आहेत. मामांचा हात दरवाजावर आहे. दरवाजा मामांनी उघडलेला नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी.’

कुणीतरी हसलं.

‘मामांच्या उजव्या हाताला त्यांची धाकटी बहीण. बहिणीच्या डोळ्याला पाणी. मामांनी बहिणीकडे बघितलेलं नाही. बघितलं तर मामा हरले, हे मामांना माहीत आहे.’

आता मंडपातून बायकाही हसू लागल्या. करंज्याच्या बसमधल्या काही जणांनी तोंडं फिरवली, हसू लपवायला.

‘याच मामांनी या मुलीला पहिल्यांदा खांद्यावर घेऊन करंज्याच्या धक्क्यावर समुद्र दाखवला. तवा ती समुद्र बघून रडली होती. आज ती आत बसून रडते. मामा, तवा तुमी तिला गप केली. आज कोण करनार?’

दिलीपनं माइक खाली केला. जनरेटर तेवढा धडधडत होता. थोरल्या मामांनी टोपी काढली, तोंडावरून फिरवली, परत घातली. मग ते वळले. दिलीपनं त्यांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं घेतलं, गाव घेतलं, होडीचं नाव घेतलं, आणि मामा कमानीत पोचेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा घेत राहिला. एकच नाव इतक्या वेळा. छापील पानात असं कधी चाललं नसतं. मामा आत आले, थेट मुलीच्या खोलीकडे गेले, आणि तिला हाताला धरून घेऊन आले तेव्हा दोघंही रडत होती.

मी जनरेटरपाशी उभा होतो. समुद्राची गोष्ट तुला कुणी सांगितली, असं मी दिलीपला नंतर विचारलं. मला वाटलं होतं मुलीच्या आईनं सांगितली असेल.

‘कुनी नाय,’ तो म्हणाला. ‘मामा हाय. करंज्याचा हाय. खांद्यावर घेतलीच असेल.’

म्हणजे पडताळणी नाही, स्रोत नाही. माझ्या डेस्कवर अशी ओळ आली असती तर मी ती पहिल्या झटक्यात काढली असती. आणि ती खरी निघाली होती. जेवताना मामाच कुणाला तरी सांगत होते की पोर लाटेला घाबरून त्यांच्या कानाला धरून बसली होती. मी ऐकलं. त्या दिवशी मला जे वाटलं ते चूक कळल्याचं वाईट वाटणं नव्हतं. माझं वाक्य आजही मला बरोबरच वाटतं. घाईच्या वेळी दुसरं काय म्हणणार. मला वाटलं ते असं, की बरोबर असणं हे एवढी वर्षं माझं एकट्याचं भांडवल होतं आणि या माणसानं अंदाजानं बोलून तेही घेतलं.

स्पीकर उतरवताना रफिकभाई माझ्याजवळ आले. ‘साहेब, आवाजाची काही शिकायत नाही,’ ते वायर गुंडाळत म्हणाले. ‘माझ्या मशीनला तुमचा आवाज फार मानवला.’ एवढं बोलून ते पुढच्या स्पीकरकडे गेले.

पुढचे काही दिवस खिडकी बंद ठेवली. उकाड्यानं जीव जायचा. सुनंदानं मशीन खिडकीपासून सरकवून पंख्याखाली घेतलं. एका दुपारी मशीन थांबवून तिनं विचारलं, दिलीपभावजींकडे काही काम असेल का. तिनं तो नुसता प्रश्न म्हणून विचारला, पण ती त्याला आधीच भेटून आली होती, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. बातमी आधी आणि प्रश्न नंतर, असं पत्रकार परिषदेत पुष्कळदा पाहिलेलं आहे.

उरण नाक्यावर चहा पिताना दिलीपनं ते मांडलं. जागा अशी निवडली होती की आजूबाजूला ओळखीचं कुणी नसावं, त्यानं एवढी काळजी घेतली होती. तो म्हणाला, लग्नं वाढली आहेत. नावं कानात मावत नाहीत. पाहुणा येतो, माणसं चारी बाजूंनी सांगतात, अर्धी नावं राहतात. ‘तुमी बाजूला बसा, साहेब. कमानीत जाऊन नाव विचारायचा, गाव विचारायचा, नाता विचारायचा, चिठ्ठीवर लिहून मला द्यायचा. तुमच्यासारखा अक्षर कुनाचा नाय.’ मी चहा पीत राहिलो. ज्याच्या नावांवर मी इतकी वर्षं रेघा मारल्या तो मला नावं लिहायला सांगत होता. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. मी नाही म्हणू शकलो असतो. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला, पण फक्त घाम दिसला.

घरी येऊन मी सुनंदाला सांगितलं की दिलीपला मदत हवी आहे. तिनं मान हलवली आणि मशीन पुन्हा खिडकीशी नेलं.

तेव्हापासून मी चिठ्ठ्या लिहितो. पावसाळ्यात वाढदिवसाचे फलक आणि पुण्यतिथीचे मजकूर, थंडीत क्रिकेटचे धावफलक, आणि चैत्र उजाडला की मंडप. काम चालतं. मुलगी शिकली, पदवीधर झाली. कमानीपाशी उभं राहिलं की माणसं आपणहून सगळं सांगतात. नातं सांगताना बायका थोड्या लाजतात. पुरुष आधी पद सांगतात, मग नाव. एखादा म्हातारा म्हणतो, ‘माझा नाव कशाला, मी काय मोठा नाय,’ आणि चिठ्ठी हातात जाईपर्यंत तिथून हलत नाही. गावागावांत मला ‘चिठ्ठीवाले काका’ म्हणतात. माझं नाव फार थोड्यांना माहीत आहे. सगळ्यांची नावं लिहून घेणाऱ्याला नाव विचारायचं कुणाला सुचत नाही.

हेवा कमी झाला असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. झालेला नाही. तो फक्त जवळून करता येऊ लागला. आधी खिडकीतून करायचो, आता शेजारच्या खुर्चीतून करतो. मी लिहिलेलं नाव दिलीपच्या तोंडून बाहेर पडतं आणि माणूस उजळतो. तेव्हा तो दिलीपकडे बघतो. मला वाटतं, एकदा तरी त्यानं माझ्याकडे बघावं. दर वर्षी लग्नसराई तोंडावर आली की मी दिलीपच्या घशाकडे लक्ष ठेवतो. खोकला आहे का, आवाज जड आहे का. त्याचं वाईट व्हावं असं मनात नसतं. फक्त घसा बसावा, एखाद्या दिवसापुरता.

परवाच्या वैशाखात, आपटा गावी, तसं झालं. मंडप पाताळगंगेच्या काठाला होता. त्या नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं, त्यामुळे वाऱ्याला थोडा गारवा होता आणि बायका पत्रिकांनी वारा घेत होत्या. नवरदेवाकडची मंडळी येऊ लागली आणि तिसऱ्या चिठ्ठीला दिलीपचा आवाज फाटला. चौथीला उमटलाच नाही. तो पाणी प्यायला, त्यानं पुन्हा प्रयत्न केला, आणि माइक माझ्या हातात दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोकल्यानं असेल.

मी उभा राहिलो. नेऱ्यानंतर पहिल्यांदा. आता मला सगळं येत होतं. नाती, मान, कुणाला आधी घ्यायचं, एकच नाव किती वेळा घ्यायचं. मी श्वास घेतला.

पुढच्या रांगेतला एक वयस्क माणूस उठून आला. त्यानं माझ्या हाताला हात लावला, अगदी मायेनं. ‘पावनं, बसा तुमी,’ तो म्हणाला. ‘भाऊला जरा गरम पानी घेऊ द्या. आमाला घाई नाय.’

मंडपानं वाट पाहिली. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. कमानीत पाहुण्यांची रांग लागली आणि कुणी कुरकुर केली नाही. उलट मागून आलेल्यांना पुढचे दबक्या आवाजात सांगत होते की भाऊचा घसा बसलाय, थांबा. आतून गरम पाण्याचा तांब्या आला. कुणी लवंग दिली, कुणी खडीसाखर. मी माइक परत त्याच्यापुढे ठेवला आणि खुर्चीवर बसलो.

दिलीपनं चिठ्ठी उचलली आणि वाचली. आवाज असा काही उरलाच नव्हता. स्पीकरमधून नुसता श्वास आला, खरखर आली, एखादं अक्षर आलं. कुणाचं नाव घेतलं हे मंडपात कुणालाही कळलं नसणार. पण कमानीतून एक माणूस हात जोडून पुढे आला, छातीवर हात ठेवून चारी बाजूंना वाकला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, एरवी वाजवत नाहीत इतक्या.

नाव बरोबर होतं. ते मी लिहिलं होतं. दिलीपनं मागे न बघता हात पसरला, आणि मी पुढची चिठ्ठी दिली.